घोड्याच्या केसांचा डबा

१

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सुलक्षणाने वडिलांचा बर्मी डबा कपाटातून काढला, सवयीने त्याची कड अंगठा आणि तर्जनीत धरून दाबली, आणि कड दबली नाही.

तिने पुन्हा दाबली. डबा लाकडासारखा घट्ट होता. रंग तोच, काळ्यावर शेंदरी वेलबुट्टी तीच, झाकणावरचे नाचणारे मोरही तेच. पण हा डबा नानांचा नव्हता.

प्रेमराज भोळे यांना सगळे नाना म्हणत. केळीच्या रोपांचे जाणकार म्हणून नोकरीत ते ब्रह्मदेश, थायलंड, जपान, फिलिपिन्स असे पुष्कळ हिंडले. लोक परदेशातून घड्याळं आणत, नाना जुन्या डब्या आणत. कमरेला अडकवायची जपानी औषधांची डबी, तपकिरीची चिनी कुपी, तिबेटी ताईत, आपल्याकडचे बिदरी पानदान, अत्तरदाण्या. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर काचेची कपाटं या डब्यांनी भरली होती. त्यात त्यांचा जीव होता तो तळहातावर मावणाऱ्या बर्मी डब्यावर. बांबूच्या तारेसारख्या काड्या आणि घोड्याच्या शेपटीचे केस विणून त्याचं अंग केलेलं, वर लाखेचे थर. पाहुणा आला की नाना त्या डब्याची कड दोन बोटांनी दाबत. समोरासमोरच्या कडा एकमेकींना टेकत आणि सोडल्या की डबा पुन्हा गोल होई. पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघून नाना लहान मुलासारखे हसत.

सुलक्षणा पुण्याला असे. वडील गेल्याचा फोन आल्यापासून ती इथेच होती. तिने चुलतभावाला, भूषणला, असोद्याहून बोलावून घेतलं. त्याने डब्याकडे लांबूनच पाहिलं.

"घरात कायम कोण होतं?" तो म्हणाला. "रेशमाच ना? मग आणखी कोणाला विचारायचं?"

रेशमा पावरा शिरपूरच्या पलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची. सहा वर्षं नानांकडे राहून त्यांचं सगळं बघत होती. ती दारातच उभी होती. तिने सुलक्षणाकडे पाहिलं. सुलक्षणा काहीच बोलली नाही. भूषणने तिला सामान आवरायला सांगितलं आणि दुपारच्या गाडीने ती गावी गेली.

त्यानंतर सुलक्षणाने पोलीस ठाणं गाठलं.

२

सहायक पोलीस निरीक्षक हेमलता सोनवणे दोन दिवसांनी घरी आल्या. पन्नाशीजवळच्या, शिरपूरकडच्याच. कमी बोलायच्या, आणि समोरचा गप्प झाला तरी घाई करायच्या नाहीत.

"नाना गेले ते कुठे?" त्यांनी विचारलं.

"इथेच वरच्या मजल्यावर, याच खुर्चीत. सोमवारी सकाळी. रेशमा दूध आणायला गेली होती, परत आली तर..." सुलक्षणाने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आधी एकदा झटका येऊन गेला होता. आम्हाला एवढंच समाधान की जाताना त्यांचा आवडता डबा मांडीवर होता. झाकण बाजूला, आतल्या ताटल्या बाहेर काढलेल्या. बघत बसले असतील."

हेमलताबाई डबा उचलायला पुढे झाल्या, तेवढ्यात त्यांची नजर सुलक्षणाच्या हातावर गेली. उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर पाण्याने भरलेले फोड होते. बाकीचा हात स्वच्छ.

"हे काय झालं?"

"गॅसवर भाजलं असेल. आग होते नुसती. लक्षात नाही कधी ते."

"खोबरेल तेल आहे घरात?"

सुलक्षणाला वाटलं, फोडांना लावायला. पण हेमलताबाईंनी ते तेल स्वतःच्याच दोन्ही हातांना मनगटांपर्यंत चोपडलं, मग डबा उचलला आणि नाकाजवळ नेला. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे उजेड पोचत नव्हता, तिथे काळा रंग अजून थोडा चिकट होता.

"हे भाजलेलं नाही, ताई," त्या म्हणाल्या. "बिबा उतलाय. या डब्याला बिब्याचं तेल लावून काळा केलाय. तुम्ही याची कड दोन बोटांनी धरलीत, म्हणून दोनच बोटांवर फोड."

हेमलताबाईंनी डब्यातल्या दोन्ही ताटल्या बाहेर काढल्या आणि तळ पाहिला. तळ रिकामा होता.

"यात काय ठेवायचे ते?"

"वरच्या ताटलीत लवंगा, खालचीत बडीशेप. तळाशी..." सुलक्षणा थांबली. तिचा चेहरा उतरला. "तळाशी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. छातीत दुखलं तर. डबा सतत हाताशी असायचा म्हणून त्यातच ठेवायचे. पाहुण्यांसमोर तळ कधी उघडायचे नाहीत. मला आणि रेशमालाच माहीत होतं."

"मग नाना हा डबा बघत बसले नव्हते," हेमलताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "गोळी शोधत होते."

३

असोद्याला भूषणच्या ओट्यावर केळीच्या पानांचा ढीग पडला होता. त्याने हेमलताबाईंना खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला.

"मी सांगितलंच होतं," तो म्हणाला. "बिबा कोण गोळा करतं? त्याच लोकांच्या गावात पोत्यांनी बिबा निघतो. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

"तुम्हाला बिब्याचं कोणी सांगितलं?"

"सुलक्षणाने. फोनवर."

"तुम्ही डब्याला हात लावला होता?"

"मी? कधीच नाही."

"भूषणभाऊ, उजवा हात दाखवा."

त्याने हात पाठीमागे नेला, मग सावकाश पुढे केला. तळव्यावर जुने फोड वाळून साल निघत होती.

"खताने झालंय," तो म्हणाला.

हेमलताबाई बघत राहिल्या. भूषणने डोक्यावरची टोपी काढून ओट्यावर ठेवली.

"काका गेले त्या दिवशी मी कपाट उघडलं होतं," तो शेवटी म्हणाला. "डबा त्यांच्या मांडीवरून रेशमाने उचलला, तिच्याकडून मी घेऊन आत ठेवला. तेव्हाच मी आमच्या आजीचा करंडा काढून घेतला. कुंकवाचा, चांदीचा. काकांनी तो असोद्याच्या घरातून नेला होता. जुना आहे म्हणून संग्रहात ठेवतो म्हणाले. आई जाईपर्यंत त्या करंड्याची आठवण काढायची. पण काकांना परत द्या म्हणायचं धाडस आमच्यात कोणाला झालं नाही." त्याने घरात जाऊन करंडा आणला. आत अजून जुनं कुंकू चिकटलेलं होतं. "चोरी म्हणायची तर म्हणा. पण तो डबा मी बदलला नाही."

"त्यांच्याकडे त्या सुमाराला आणखी कोण आलं होतं?"

"आदल्या दिवशी, रविवारी मी गेलो होतो, तेव्हा धुळ्याच्या देवरे मॅडम होत्या. चारुलता देवरे. त्यांनाही डब्यांचा नाद आहे. काकांच्या सगळ्या डब्यांचे फोटो काढून पुस्तक करणार होत्या, वर्षभर येणं-जाणं चालू होतं. तिसऱ्या दिवशी भेटायलाही आल्या. फार रडल्या बिचाऱ्या. तो डबा मागून घेतला, पदरात धरून किती वेळ बघत बसल्या होत्या."

हेमलताबाई उठल्या. "आणि रेशमाच्या हातांना काही झालं होतं?"

भूषणने मान खाली घातली. "झालं होतं. माझ्यापेक्षा वाईट. दोन्ही हातांना. म्हणून तर मला तिचा संशय आला."

४

शिरपूरला जाताना धुळं लागतं. हेमलताबाई देवपुरातल्या एका जुन्या बंगल्यापाशी उतरल्या. चारुलता देवरे चित्रकलेच्या प्राध्यापिका होत्या, आता निवृत्त. साठी उलटलेली, ताठ बांध्याची, एकटी राहणारी बाई. एप्रिलच्या उन्हात धुळं नुसतं भाजत होतं, तरी त्यांच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

नानांबद्दल बोलताना त्यांचा आवाज खरोखरच कापला.

"आमची ओळख वीस वर्षांची. या खान्देशात लाखेचं काम आणि नुसता रंग यातला फरक कळणारी आम्ही दोनच माणसं होतो. आता मी कोणाशी बोलू?"

त्यांनी आपल्याजवळच्या डब्या दाखवल्या. एक लहानशी थाई डबी हेमलताबाईंच्या पुढे केली. हेमलताबाईंनी ती रुमालात घ्यायला हात पुढे केला, तशा त्या पटकन मागे झाल्या.

"नाही, नाही, कापडात नाही. जुनी लाख कापडावरून निसटते, आणि कड धाग्यात अडकली तर टवका उडतो. हात धुऊन, पुसून, उघड्या हातांनीच धरायची. नानांनाही हे मीच शिकवलं."

हेमलताबाईंनी उघड्या हातात डबी घेतली. "कसली हलकी आहे."

"हलकी असते तीच खरी."

"जुन्या लाखेने हाताला काही होत नाही?"

"ओली असताना होतं. वाळली की शंभर वर्षं हाताळा." चारुलताबाई थांबल्या. "का विचारता?"

"सहज. नाना गेल्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी दुपारी. सुलक्षणाने फोन केला. तोपर्यंत मला काहीच कल्पना नव्हती. आदल्या दिवशी तर चांगले हसत होते."

हेमलताबाईंनी डबी परत दिली आणि निरोप घेतला.

५

रेशमाचं घर टेकडीच्या उतारावर होतं. कुडाच्या भिंती, समोर महुवाची फुलं वाळत घातलेली. पोलिसांची गाडी पाहून शेजारची माणसं जमली आणि लांबच उभी राहिली. रेशमाचे दोन्ही हात कडुनिंबाचा पाला वाटून लिंपलेले होते. हेमलताबाई तिच्याजवळ अंगणातच बसल्या आणि पहिले शब्द अहिराणीत बोलल्या. तेव्हा कुठे तिने वर पाहिलं.

"बिबा उतना ते माले कयनं," रेशमा म्हणाली. "पन नानान्या घरमा बिबा कोठेन येई?"

"गोया?" हेमलताबाईंनी गोळ्यांचं विचारलं.

"गोया मी भऱ्यात. रविवारना सकाळले. पट्टी कापी अन् डबाना तळले ठेयात. नाना समोरच व्हतात." तिचे डोळे भरले. "मी दूध लेवाले गऊ. परत उनू ते नाना तसाच बठेल. दोन्ही ताटल्या खाले पडेल. माले वाटनं, झोपी गयात."

तिने डॉक्टरांना फोन केला होता, खालच्या दुकानदाराच्या मदतीने. डॉक्टर यायला वेळ लागला.

"मी डॉक्टरनी वाट देखी ऱ्हायंतू, तवढामा फोन वाजना. धुळ्यान्या मॅडमना. 'नाना बरा शेतस ना?' असं इचारं."

हेमलताबाईंनी तिला थांबवलं. "सकाळी? डॉक्टर यायच्या आधी?"

"आधी. माले बोलताच उनं नही. मी रडी पडनू अन् फोन ठी दिधा."

"त्या रोज सकाळी फोन करायच्या?"

"कधीच नही."

हेमलताबाईंनी तिच्या लिंपलेल्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या आईनेही याच डोंगरात बिबे फोडले होते. तिळाचं तेल हातांना चोपडल्याशिवाय ती टोपलीला शिवतसुद्धा नसे, आणि आयुष्यात तिच्या हाताला एक फोड आला नाही.

"रेशमा," त्या म्हणाल्या, "या फोडांनीच तू सुटलीस. डबा तू बनवला असतास, नाही तर आणला असतास, तर त्याला काय लावलंय हे तुला ठाऊक असतं. तू तेल लावल्याशिवाय हात लावला नसतास."

६

दुसऱ्या दिवशी चारुलताबाईंच्या दिवाणखान्यात हेमलताबाई आणि सुलक्षणा बसल्या होत्या. मध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, तो घट्ट डबा होता.

"मॅडम," हेमलताबाईंनी सुरुवात केली, "या डब्याला ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्या सगळ्यांना फोड आले. रेशमाला आले, भूषणला आले, सुलक्षणाताईंना आले. कारण डबा बिब्याने काळा केलाय हे त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्यांच्यावरचा संशय मी सोडला. आता मला असा माणूस पाहिजे होता, ज्याने डबा हातात घेतला आणि ज्याला काहीच झालं नाही."

चारुलताबाईंनी हात मांडीवर जुळवले.

"तिसऱ्या दिवशी तुम्ही हा डबा बराच वेळ घेऊन बसलात. पदरात धरून. लाखेचं काम कापडात धरायचं नाही, असं तुम्हीच मला काल बजावलंत. वीस वर्षांचा तुमचा नियम त्या एकाच डब्यापुरता का मोडला?"

"मी शोकात होते. भान नव्हतं."

"असेल. पण तुमच्या बाह्या तरी वर करा. एवढ्या उन्हात मनगटापर्यंत झाकलंय, ते उगीच नाही."

चारुलताबाईंनी डावी बाही वर सारली. कोपरापर्यंत काळपट डाग होते, महिन्या-दोन महिन्यांपूर्वी फोड येऊन गेल्याचे.

"नकलेसाठी कागदाचा लगदा वापरला," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "बर्मी लाख म्हणजे तिकडच्या झाडाचा चीक, तो इथे कुठे मिळणार? बिबा त्याच जातीचा. पहिल्यांदा काम करताना अंगावर उडाला. शेवटचा हात दिला तो पूर्ण वाळायच्या आतच मला रविवारचं बोलावणं आलं."

"का, मावशी?" सुलक्षणाच्या तोंडून तेवढंच आलं. ती त्यांना कधीच मावशी म्हणत नसे, पण आता दुसरा शब्द तिला सुचला नाही.

"तो डबा मला द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. मग यंदा म्हणाले, सगळा संग्रह सरकारी संग्रहालयाला देतो. मी विनवलं. तिथे तो काचेत बंद होईल, नाना. त्याची कड कोण दाबणार? दाबली नाही तर विणकाम ताठरतं, एक दिवस तडकतं. त्यांनी ऐकलं नाही. फोटो काढताना ते भूषणशी बोलायला खाली गेले, तेव्हा मी डबे बदलले. लवंगा, बडीशेप वरच्यावर भरून घेतली, खालची ताटली उचललीच नाही. तळ बघायला वेळ मिळाला नाही."

"घरी गेल्यावर पाहिलात," हेमलताबाई म्हणाल्या.

चारुलताबाईंनी बाही पुन्हा खाली ओढली.

"तुम्ही म्हणालात, नाना गेल्याचं दुपारी कळलं, तोपर्यंत काहीच कल्पना नव्हती. पण सकाळी, डॉक्टर यायच्याही आधी, तुम्ही फोन करून ते बरे आहेत ना असं विचारलंत. कधी नाही तो त्याच दिवशी. तुम्हाला कशाची भीती वाटत होती?"

चारुलताबाईंचा ताठ बांधा पहिल्यांदाच वाकला. त्या सुलक्षणाकडे न बघता बोलू लागल्या.

"रविवारी संध्याकाळीच उघडला. गोळ्या दिसल्या. कसल्या आहेत ते लगेच कळलं, माझे यजमानही त्याच घ्यायचे. मी फोन हातात घेतला. पण काय सांगणार होते? गोळ्या माझ्याकडे आल्या कशा, हे सांगावं लागलं असतं. मग मी स्वतःची समजूत घातली. घरात आणखी असतील, रेशमा आहे, एका रात्रीत काय होतंय. सकाळी राहवलं नाही."

"आणखी होत्या," सुलक्षणा म्हणाली. "स्वयंपाकघरात. खालच्या मजल्यावर."

चारुलताबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि तो डबा घेऊन आल्या. उघड्या, धुतलेल्या हातांनी त्यांनी तो टेबलावर ठेवला. त्यांनी कड दाबली नाही. हेमलताबाईंनी ताटल्या काढल्या. तळाशी पट्टीचे कापलेले तुकडे जसेच्या तसे होते.

७

गुन्हा चोरीचाच नोंदवला गेला. नानांचा देह कधीच अग्नीला दिला होता, आणि गोळी मिळाली असती तर ते वाचले असते असं कोणताही डॉक्टर शपथेवर सांगायला तयार नव्हता. सुलक्षणाने हेमलताबाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला माहीत नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "त्यांनाही माहीत नाही. आता जन्मभर माहीत होणार नाही."

पुण्याला परतण्याआधी सुलक्षणा एकटीच शिरपूरला गेली आणि तिथून जीप करून टेकडीखालच्या गावात पोचली. रेशमाच्या हातांवरची साल निघून खाली गुलाबी कातडी दिसत होती. तिने सुलक्षणाला खाटेवर बसायला सांगितलं, तांब्यात पाणी दिलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"चुकलं माझं," सुलक्षणा म्हणाली. "भूषण बोलला तेव्हा मी गप्प बसले. तू परत ये, असं म्हणायला आले नाही. पण माफी मागायला आले."

रेशमा अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांकडे बघत होती.

"सहा वरीस मी त्या घरमा ऱ्हायनू," ती म्हणाली. "भूषणभाऊनी काय म्हनं, त्यानं माले काहीच वाटनं नही. पन तुम्हीन माले इचारं नही, ताई. एकदाव तरी इचारतात."

सुलक्षणाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ती म्हणाली, "आता विचारू?"

"काय?"

"मी वर्षातून दोनदा यायचे. ते एरवी कसे असायचे, मला माहीतच नाही. सकाळी उठून काय करायचे? कशावर हसायचे? माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का?"

रेशमाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग उंबऱ्यावरून उठून ती खाटेच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली.

"सकाळले उठनात का," ती म्हणाली, "पहिले खिडकी उघडेत अन् बाहेरन्या चिमणीस्ले शिव्या देत..."

सुलक्षणा हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. रेशमा थांबली नाही. ती सांगत राहिली.